गाव निवडताना : ठाणे, डोंबिवली, कल्याण

धर्मग्रामाच्या कचेरीत येणाऱ्या माणसांची कामे बहुधा ठरलेली असतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला लग्नाची नोंद करावयाची असते, कोणाला मुलाच्या शाळाप्रवेशासाठी पत्र हवे असते. या नेहमीच्या कामांबरोबर आणखी एक प्रश्न आमच्या टेबलापर्यंत वारंवार येतो. कोकणातून, गोव्यातून किंवा केरळातून आलेले, क्वचित आखातातली नोकरी संपवून परतलेले एखादे तरुण जोडपे समोर बसते आणि विचारते, "फादर, नोकरी मुंबईत आहे. घर कुठे बघावे? ठाण्याला, डोंबिवलीला की कल्याणला?"

हा प्रश्न ऐकला की आम्हांस उत्पत्तीच्या पुस्तकातला लोट आठवतो. चुलत्या-पुतण्यांच्या गुराख्यांत तंटे होऊ लागले, तेव्हा अब्रामाने पुतण्याला हवी ती दिशा निवडण्यास सांगितले. लोटाने नजर वर केली आणि भरपूर पाणी असलेला यार्देनेचा प्रदेश निवडला. पाणी पाहून वस्ती निवडणे यात चूक काहीच नव्हती. कोणताही शहाणा गृहस्थ तेच करील. मात्र त्याने जे पाहिले नाही त्याची किंमत पुढे त्याच्या घरच्यांना मोजावी लागली. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या तीन गावांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास अशाच निवडींचा आहे. माणसांनी काय पाहून ही गावे निवडली आणि काय पाहावयाचे राहिले, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही गावे मुंबईची उपनगरे म्हणून जन्माला आलेली नाहीत. मुंबई सात बेटांच्या स्वरूपात समुद्रात विखुरलेली होती, त्यापूर्वी कित्येक शतके कल्याण हे नावाजलेले बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचे उल्लेख आहेत. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने 'कल्लिआना' येथे ख्रिस्ती बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. ते स्थान म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात, जरी त्यावर सर्वांचे एकमत नाही. ठाण्याचीही तीच कथा. इ. स. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यास उतरले, ते तेथील एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी राहिले. त्या घरातील पती-पत्नीच्या भांडणात त्यांचे नाव साक्षीदार म्हणून पुढे आले, प्रकरण अधिकाऱ्यांपर्यंत गेले आणि त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात त्यांना हौतात्म्य प्राप्त झाले. ही कथा आमच्या वाचकांना परिचित आहे. येथे ती सांगण्याचे कारण एवढेच की, त्या काळी परदेशी माणूस ठाण्यास येई तो ठाण्यासाठी किंवा ठाण्याच्या बंदरासाठी. मुंबईत पोट भरावयाचे आणि ठाण्यात पाठ टेकावयाची, ही कल्पना पुढे कित्येक शतके कोणाच्या स्वप्नातही येणार नव्हती.

या व्यवस्थेची दिशा उलटली ती १६ एप्रिल १८५३ या दिवशी. बोरीबंदरहून सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन १४ डब्यांची गाडी ठाण्याकडे निघाली. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोहोचले. परंतु हा लोहमार्ग चाकरमान्यांसाठी बांधलेला नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची नजर घाटापलीकडच्या कापसावर होती. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट रेल्वेने पार केला आणि दोन्ही घाटांचे रूळ जेथे फुटतात ते कल्याण जंक्शन बनले. पुण्याकडची आणि नाशिककडची प्रत्येक गाडी कल्याणवरून जाऊ लागली. माल वाहण्यासाठी केलेल्या या रस्त्याने पुढे माणसांचीच वाहतूक सर्वांत अधिक करावी, हे त्याच्या कर्त्यांनी योजलेले नव्हते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून पळाली. दाट वस्तीत राहण्याचा धोका मध्यमवर्गाच्या प्रथमच मनावर ठसला. १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने शहराच्या आतच दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती वसविल्या. दूरवर राहून रोज जा-ये करणे सामान्य कारकुनाला अजून परवडणारे नव्हते. त्याला पैसे लागत आणि त्याहून अधिक वेळ लागे. तो वेळ दोन गोष्टींनी कमी झाला. १९१६ साली पारसिकच्या डोंगरातील बोगदा खुला झाला आणि मुंब्र्याचा वळसा वाचला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची गाडी धावू लागली आणि पुढील चार-पाच वर्षांत वीज कल्याणच्याही पलीकडे, पुण्यापर्यंत गेली. विजेची गाडी थांब्यावरून चटकन वेग घेते. त्यामुळे स्थानके जवळजवळ असूनही प्रवास लांबत नाही. गावांमधील मैल तेवढेच राहिले, मिनिटे मात्र कमी झाली. तेव्हापासून या पट्ट्यातील माणूस अंतर मैलांत सांगत नाही. "जलद गाडीने तासभर" असे सांगतो.

गाडीची सोय झाली, तरी शहर सोडण्याची निकड अजून निर्माण झाली नव्हती. ती स्वातंत्र्याबरोबर आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. जो आत होता त्याला संरक्षण मिळाले. जो बाहेरून येणार होता त्याच्यासाठी दार बंद झाले. भाड्यासाठी चाळी बांधण्यात मालकांना नफा उरला नाही, नव्या चाळी जवळजवळ थांबल्या आणि जुन्या खोलीसाठी पागडी मागितली जाऊ लागली. गिरगावातील दोन खोल्यांत वाढलेल्या चार भावांपैकी तिघांना लग्नानंतर बाहेर पडणे भाग होते. पागडी देण्याची ऐपत नाही, पण महिन्याचा पगार नियमित आहे, अशा माणसाने रेल्वेचा नकाशा उलगडला आणि जेथे पासाचे पैसे व घराचा हप्ता यांची बेरीज पगारात बसेल तेथे बोट ठेवले. ते बोट बहुधा डोंबिवलीवर पडले.

ठाणे आणि कल्याण ही इतिहास असलेली शहरे होती; तेथे जुने वाडे, जुने मालक, जुन्या जाती-जमातींच्या आळ्या होत्या. डोंबिवली त्या मानाने खेडे होते. जमीन स्वस्त होती आणि स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा कायदा यांनी सामान्य पगारदाराला 'ओनरशिप'चा मार्ग खुला केला. कचेरीतून कर्ज, पत्नीच्या पाटल्या आणि गावाकडील एखादा तुकडा विकून आलेले पैसे एकत्र करून दोन खोल्यांची सदनिका उभी राहू लागली. आधी गेलेल्याने मागच्याला बोलाविले. बँकेतील सहकारी, आतेभाऊ, एकाच तालुक्यातील माणसे एकेका गृहसंस्थेत जमली. शाळा निघाल्या, वाचनालये निघाली, नाट्यप्रयोग होऊ लागले. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक डोंबिवलीकर म्हणूनच ओळखले गेले. १९९९ साली येथील गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि तिचे अनुकरण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी झाले. केवळ झोपण्यापुरते घरी येणाऱ्यांचे गाव म्हणून ज्याची थट्टा होई, त्या गावाने स्वतःचे सांस्कृतिक जीवन उभारले, हे मान्य केलेच पाहिजे.

कल्याणकडे वळलेल्यांची कारणे निराळी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांनी गाव निवडले नव्हते. त्यांच्यासाठी ते निवडले गेले होते आणि त्यांनी तेथेच व्यापार उभा केला. शहाड, मोहने येथे कृत्रिम रेशमाचे कारखाने आले. त्यांतील कामगारांना मुंबईच्या गाडीची गरजच नव्हती. ठाण्याचे वैशिष्ट्यही हेच. वागळे इस्टेटमधील कारखान्यांमुळे ठाणेकराला पायी किंवा सायकलने कामावर जाता येई. पुढे कारखाने एकामागून एक बंद पडले, त्यांच्या जागी उंच इमारती आणि संगणकाची कार्यालये आली, घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा नवे ठाणे वसले आणि ठाण्यातील घर हे मुंबईच्या घराइतके नसले तरी साध्या पगारदाराच्या हाताबाहेर गेले. १९८२ साली ठाण्याची आणि १९८३ साली कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेलेली होती.

या लाखांत आपलीही माणसे होती. केरळातून नोकरीसाठी आलेल्या सिरो-मलबार कॅथॉलिकांची संख्या या पट्ट्यात एवढी वाढली की, ३० एप्रिल १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्यासाठी कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण केला. २०२५ साली त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. एरवी धर्मप्रांत हा मातीत रुजलेल्या लोकांचा असतो. हा मात्र गाडीने आलेल्या लोकांचा. परक्या गावात उतरणाऱ्याला स्वतःच्या भाषेतील उपासना कोठे मिळेल, आजारपणात दार कोणाचे ठोठावता येईल, हा घर निवडतानाचा एक खरा निकष असतो. डोंबिवलीच्या मराठी कारकुनाने तोच लावला होता, केरळच्या परिचारिकेनेही तोच लावला.

येथे आणखी एका पक्षाचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. ज्यांनी हे गाव निवडले त्यांच्याविषयी आपण बोलतो. ज्यांचे ते गाव आधीपासूनच होते त्यांच्याविषयी क्वचितच. आगरी व कोळी समाजाची भातशेती आणि मिठागरे, तसेच ठाण्याच्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या वाड्या यांच्यावर ही शहरे उभी आहेत. कल्याण-डोंबिवलीभोवतालची २७ गावे १९८३ साली महापालिकेत घेतली गेली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा घेतली गेली. या ओढाताणीच्या काळात त्या गावांत परवानगीविना इमारती भराभर उठल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ अशीच एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे दगावली. २०२४ साली कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. त्यांत घर घेणारे बहुसंख्य प्रामाणिक, कर्जाचे हप्ते फेडणारे लोक होते. स्वस्त घराची कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेण्याचा खर्च त्यांनी वाचविला होता, किंवा तो करावयाचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आता स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. २००२ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा नवे धर्मगुरू होतो आणि सल्ला देण्याची हौस मोठी होती. सावंतवाडीकडील एक जोडपे आमच्याकडे आले. तो फोर्टमधील एका कचेरीत कारकून, ती मध्य मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका. ठाण्यात भाड्याची लहानशी खोली मिळत होती. त्याच हप्त्यात डोंबिवलीत स्वतःच्या मालकीच्या दोन खोल्या होत होत्या. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. भाडे म्हणजे वाऱ्यावर गेलेले पैसे, घर म्हणजे मुलांसाठी ठेव. त्याची गाडी किती वाजता सुटते, बसावयास जागा मिळावी म्हणून कल्याणपर्यंत उलटे जाऊन यावे लागेल का, हेही विचारले. शेवटी आम्ही डोंबिवलीच्या बाजूने कौल दिला आणि त्यांनी तो मानला. गृहप्रवेशाच्या दिवशी घराला आशीर्वाद देण्यासही आम्हीच गेलो होतो.

बारा-तेरा वर्षांनी त्यांच्या मुलाच्या दृढीकरणाच्या निमित्ताने पुन्हा त्या घरी गेलो. घर नीटनेटके होते, कर्ज फिटत आले होते. आम्ही काहीशा समाधानाने म्हणालो, "त्या वेळचा निर्णय चांगला ठरला म्हणायचा." त्या बाई चहा ओतीत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "घर चांगलं झालं, फादर. पण तेव्हा तुम्ही माझ्या ड्यूटीची वेळ विचारली नव्हती."

ते खरे होते. आमच्या कागदावर त्याची ८ ची गाडी होती. तिची पहाटेची गाडी नव्हती. सकाळच्या पाळीला सात वाजता हजर होण्यासाठी ती चारला उठत होती, डबे करून, झोपलेल्या मुलांना शेजारणीच्या हवाली करून निघत होती. रात्रपाळी संपवून परतताना उभ्याने डुलक्या घेत होती. ठाण्याहून तिचा प्रवास जवळजवळ निम्म्याने कमी झाला असता. हे गणित अवघड नव्हते. ते मांडावयाचे आम्हांस सुचलेच नाही. आम्ही घराची किंमत रुपयांत मोजली आणि ती कोणाच्या झोपेतून वसूल होणार हे पाहिले नाही.

त्या दिवसानंतर आम्ही एक साधा हिशेब करून पाहिला. घरापासून स्थानक, गाडी, पुढे बस किंवा पायपीट धरून डोंबिवली-कल्याणच्या माणसाचे दिवसाकाठी साडेतीन तास सहज जातात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १०५० तास होतात. नोकरीच्या ३० वर्षांत ३१,५०० तास. दिवस आणि रात्र दोन्ही धरून ही साडेतीन वर्षांहून अधिक मुदत भरते. आयुष्यातील साडेतीन वर्षे माणूस अखंड प्रवासात असतो. ती वर्षे सर्वस्वी वाया जातात असे आम्ही म्हणणार नाही. डब्यात भजने होतात, भाज्या निवडल्या जातात, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून पुस्तके वाचली जातात, जन्माच्या मैत्री जुळतात. १९९२ साली खास महिलांसाठी गाड्या सुरू झाल्या. हा प्रवास आता केवळ पुरुषांचा राहिलेला नाही, याची ती उशिरा मिळालेली पावती होती. घर निवडणाऱ्यांच्या आणि सल्ला देणाऱ्यांच्या हिशेबात मात्र ती पावती अजून पुरती जमा झालेली दिसत नाही. शिवाय गर्दीची किंमत कधी याहून फार मोठी असते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ दोन भरगच्च गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा अंत झाला. 

परिस्थिती पूर्वीची राहिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. नोकरी म्हणजे फोर्ट, हे समीकरण मोडले आहे. वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, ऐरोली, महापे अशा अनेक दिशांना कचेऱ्या पांगल्या. २००४ साली ठाणे-वाशी मार्ग सुरू झाल्यापासून नवी मुंबईत नोकरी करणाऱ्यासाठी ठाणे हे वाटेवरचे गाव झाले. २०२२ साली ठाणे-दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका खुली होऊन लांब पल्ल्याच्या गाड्यांचा लोकलवरील भार काहीसा हलका झाला. म्हणून "कोणते गाव चांगले?" या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. ऐरोलीत काम करणाऱ्यास ठाणे सोयीचे. ज्याचे सारे आप्त डोंबिवलीत आहेत आणि मुले लहान आहेत त्यास तेथील आजीचा हात एका तासाच्या प्रवासाहून मोलाचा. ज्याची नोकरी नाशिककडे फिरतीची आहे त्यास कल्याणहून सोपे गाव नाही.

आता कोणी जोडपे विचारावयास आले की आम्ही गावाचे नाव सांगत नाही. दोघांनाही बसावयास सांगतो आणि कागद तिच्यापुढे सरकवितो. तुझी कामाची वेळ कोणती? पहाटे कोण उठणार, मुलाला ताप आला तर अर्ध्या दिवसात घरी कोण पोहोचू शकेल? उन्हाळ्यात त्या इमारतीत पाणी किती वेळ येते? इमारतीची परवानगी वकिलाने पाहिली आहे का? आणि घर ठरविण्यापूर्वी कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, दोघांनीही तो प्रवास एकदा करून पाहिला आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून पुष्कळ जण हसतात. काही जण मात्र खरोखरच जाऊन येतात आणि त्यांतील एक-दोघांनी परत येऊन ठरविलेला बेत बदलल्याचे सांगितले आहे.

लोटाने नजर वर करून पाणी पाहिले. ते त्याने एकट्याने पाहिले. त्या निवडीत त्याच्या घरच्यांना काही विचारल्याचे पवित्र शास्त्रात लिहिलेले नाही. पुढे त्याची पत्नी मागे वळून पाहते, तेव्हा तिला दोष देण्याची आपल्याला सवय आहे. डोंबिवलीच्या त्या घरात चहा घेतल्यापासून आमच्याने तो दोष देववत नाही. त्या बाई आता निवृत्त होण्याच्या बेतात आहेत. थोरला मुलगा नोकरीला लागला असून तो स्वतःसाठी घर पाहतो आहे. मागच्या महिन्यात तो आमच्याकडे आला होता. त्याने बरोबर आपल्या होणाऱ्या पत्नीला आणले होते आणि तिच्या कामाच्या वेळा एका चिठ्ठीवर लिहून आणल्या होत्या. आम्ही विचारण्यापूर्वीच त्याने ती चिठ्ठी टेबलावर ठेवली.